तीन पायऱ्या आणि मी

माझं नाव अजून कुणी नीट ठरवलेलं नाही. भोसरीच्या शेडमध्ये मला रॅम्प म्हणायचे. विद्यापीठाच्या कागदांवर मी ‘सुगम्य उतार’ आहे. दापोडीच्या सुमनताई मला घसरगुंडी म्हणतात आणि माझ्यावरून चढताना माझ्यावरच तोंडसुख घेतात. तुम्ही काहीही म्हणा. मी लोखंडाचा आहे, माझी दोन तुकड्यांत घडी होते, आणि जिथे पायऱ्या असतात तिथे माझं काम निघतं. आज टेम्पो यायला अवकाश आहे, म्हणून माझी हकीकत सांगतो.

माझा जन्म भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतला. तिथे पत्र्याच्या शेड एकमेकींना खेटून उभ्या आहेत. आमच्या शेडमध्ये चाकणच्या कारखान्यांना लागणारे रॅक आणि ट्रॉल्या बनायच्या. मी त्यातला उरलेला माल. माझ्या कडेच्या पट्ट्या एका रद्द झालेल्या ट्रॉलीच्या. पाठीवरचा खवल्याखवल्यांचा पत्रा मात्र जिन्यासाठी आणला होता. तो जिना काही झाला नाही, मी झालो. या गोष्टीची मला अजून मजा वाटते.

मला घडवलं बुद्धरत्न यांनी. ते त्या शेडमध्ये वेल्डर. दापोडीला, रेल्वेच्या बाजूच्या गल्लीत त्यांचं घर. हाताने सफाईदार आणि तोंडाने मुका माणूस, अशी त्यांची ख्याती. पण माझं काम करताना ते सारखे पुटपुटत होते. शेजारच्या मशीनवरच्या जयसिंगने शेवटी विचारलंच, “काय भाऊ, लोखंडाशी भांडताय का?”

“लोखंडाशी नाही,” ते म्हणाले, आणि चेहऱ्यावरची काच वर करून त्यांनी जे सांगितलं ते मीही ऐकलं.

त्यांची मुलगी करिष्मा. अकरावीत असताना, दापोडीला मुंबई-पुणे रस्ता ओलांडताना तिला एका टेम्पोने उडवलं. पाठीच्या कण्याला मार बसला. तेव्हापासून ती व्हीलचेअरवर. घरातल्यांना वाटत होतं, पोरीने तो रस्ता विसरावा. ती म्हणाली, विसरू कसा, दार उघडलं की तोच दिसतो. तिने पुढे शिकताना विषयही तोच घेतला. शहरात माणसं रस्ता कशी ओलांडतात, कोण ओलांडू शकत नाही, आणि हे ठरवतं कोण.

एका विद्यापीठात शहर आणि सामाजिक न्याय या विषयांवर सर्वांसाठी खुले कार्यक्रम होत. ज्ञानेश नावाचे प्राध्यापक ते भरवत. कुणीही यावं, ऐकावं, विचारावं. त्यांनी करिष्माला बोलायला बोलावलं. सभागृह छान होतं, पण मंचाला तीन पायऱ्या होत्या. ऐनवेळी चार मुलं धावत आली, खुर्चीसकट तिला उचलून वर ठेवलं. कुणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो फोटो सगळीकडे फिरला आणि त्याखाली लिहिलं होतं, ‘जिद्दीला सलाम’.

“ती काय बोलली, ते कुठंच नव्हतं,” बुद्धरत्न जयसिंगला म्हणाले. “घरी आल्यावर म्हणते, पप्पा, मला उचललेलं लोकांना फार आवडलं. मी तोंड उघडलं नसतं तरी चाललं असतं.”

त्या दिवशी तिने ठरवलं होतं की यापुढे कुणाला उचलू द्यायचं नाही. मग पुढचं बोलावणं आलं, आणि बुद्धरत्ननी मालकांची परवानगी घेऊन मला करायला घेतलं.

मी पहिल्यांदा जसा झालो, तसा आज नाही. बुद्धरत्ननी मला आखूड केलं होतं. टेम्पोत सहज मावावा, एकट्याला उचलता यावा, हा त्यांचा हिशोब. मला पिवळा रंग दिला, कडा घासून गुळगुळीत केल्या, आणि एका रविवारी करिष्माला शेडमध्ये बोलावून आणलं. शेडच्या ओट्याला मला टेकवलं आणि ते बाजूला होऊन उभे राहिले. असा अभिमान मी नंतर कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही.

करिष्माने चाकांना जोर दिला. अर्ध्यावर पोचली आणि तिच्या खुर्चीची पुढची चाकं उचलली गेली. ती मागे कलंडणार, तेवढ्यात बुद्धरत्ननी झेप घेऊन खुर्ची धरली. कुणीतरी ग्राइंडर बंद केला.

“पप्पा,” ती म्हणाली, “हा उतार नाही. हा गड आहे.”

ते ओशाळले. “मी मागून ढकलतो ना. मी असेनच तिथं.”

“तुम्ही असाल तर मग हा कशाला हवाय?”

बुद्धरत्ननी गॅस कटर पेटवला तेव्हा मला वाटलं, संपलं. आलो तसा भंगारात जाणार. पण त्यांनी मला मधोमध कापलं, आणखी पत्रा जोडला, बिजागरी बसवली, आत एक पिन घातली. आता मी दुप्पट लांब होतो, घडी घातली की मावतही होतो. दुखलं, नाही असं नाही. पण पुढच्या रविवारी करिष्मा माझ्यावरून आली, सावकाश, दोन्ही हातांनी चाकं ओढत, आणि वर जाऊन तिने खुर्ची वळवली तेव्हा तिच्या वडिलांचे हात त्यांच्या खिशात होते. मुद्दाम ठेवले होते त्यांनी.

विद्यापीठात मला पहिल्यांदा पाहिलं ते खंडूमामांनी. ते सभागृहाचे शिपाई. “हे कुठल्या गाडीचं?” त्यांनी विचारलं. ज्ञानेश सर लगबगीने आले आणि मला पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला. “बरं झालं तुम्हीच आणलंत. आमच्याकडून राहूनच गेलं होतं.” माणूस मनाने चांगला. शहरातल्या प्रत्येक वंचिताबद्दल त्यांना कळकळ होती. फक्त स्वतःच्या सभागृहाच्या पायऱ्या त्यांना कधी दिसल्या नव्हत्या. रोज चढणाऱ्याला पायरी दिसत नाही, हे मी पुढे पुष्कळ ठिकाणी पाहिलं.

त्या दिवशीचा विषय दापोडीचाच होता. करिष्माला जिथे टेम्पोने उडवलं, तिथे पादचारी पूल बांधायचं घाटत होतं. पूल जिन्याचा. आणि लोकांनी खालून जाऊ नये म्हणून रस्त्याच्या मध्ये उंच जाळी. संबंधित खात्याचे एक अधिकारी ती योजना समजावून सांगायला आले होते.

करिष्माचं नाव पुकारलं. ती माझ्यापाशी आली आणि चढू लागली. अर्ध्यावर आली तशी सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. ती तिथेच थांबली, माझ्या मधोमध, बिजागरीवर. दोन्ही हातांनी चाकं घट्ट धरलेली.

“टाळ्या नकोत,” ती म्हणाली. माइक नव्हता, तरी ऐकू गेलं. “अजून मी काही बोललेले नाही.”

लोक गडबडून खाली बसले. ती वर गेली आणि बोलली. छान बोलली. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं आणि ‘नोंद घेतली आहे’ असं सांगितलं. चहा झाला. मंचावर सगळ्यांचा फोटो झाला, त्यात माझाही कोपरा आला.

कार्यक्रमानंतर ज्ञानेश सरांनी विनंती केली की मला विद्यापीठातच ठेवावं, म्हणजे कायमची सोय होईल. बुद्धरत्ननी आनंदाने ठेवलं. मलाही आनंद झाला. विद्यापीठात राहायला मिळणार, शिकल्यासवरल्या लोकांत.

मला मंचामागच्या खोलीत ठेवलं. तिथे मोडकी खुर्ची, जुने फ्लेक्स आणि एक हार्मोनियम होती. सुरुवातीला मला पुसायचे. मग पुसणं बंद झालं. स्नेहसंमेलनाच्या वेळी माझ्यावरून मोठे साउंड बॉक्स ओढले, केटरिंगवाल्यांनी फ्रीज चढवला. एकदा एका ढोल पथकाने मला आडवा टाकून माझ्यावर जेवण केलं. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात माझा फोटो छापून आला आणि त्याच महिन्यात माझ्या बिजागरीची पिन हरवली.

तरी त्या खोलीने मला एक गोष्ट दिली. पडद्याआडून सगळे कार्यक्रम ऐकू यायचे. खरं सांगतो, त्यात पोकळ भाषणं होती, तशी काळजाला हात घालणारीही होती. कचरा वेचणाऱ्या बायका आल्या होत्या. त्यांच्यातल्या अंबूबाईंनी सांगितलं की सोसायटीच्या लिफ्टमधून त्यांना जाऊ देत नाहीत, आठ मजले पायी चढावे लागतात. मराठवाड्यातून आलेला एक कंत्राटी कामगार सांगून गेला की शिफ्ट सुटते तेव्हा बस नसते आणि बस असते तेव्हा शिफ्ट सुटत नाही. मी अंधारात ऐकत होतो आणि मला कळत होतं की हे सगळे पायऱ्यांबद्दलच बोलतायत. मला फक्त लोखंडी उतार देता येतो, एवढीच माझी अडचण.

मग एका सकाळी पडद्यापलीकडून दापोडीचं नाव ऐकू आलं. पुलाचं काम निघायची वेळ आली होती. त्याआधीची शेवटची खुली चर्चा त्याच सभागृहात ठेवली होती. करिष्माने आधी फोन करून विचारलं होतं म्हणे, “सर, रॅम्प आहे ना?” आणि सरांनी उत्तर दिलं होतं, “आहे ना, आपल्याकडेच आहे.”

होतो मी. नाटकाच्या सेटखाली, गंजलेला, पिनेशिवाय.

खंडूमामांनी मला ओढून बाहेर काढलं तोवर सभागृह भरलं होतं. दापोडीहून पुष्कळ लोक आले होते, बायका जास्त. मंचावर अधिकारी, दोन तज्ज्ञ आणि एक माजी नगरसेवक बसले होते. मामांनी मला पायऱ्यांना टेकवून उलगडलं आणि माझा पुढचा तुकडा निखळून खणकन खाली पडला. सगळं सभागृह वळून पाहू लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या एका कामासाठी माझा जन्म, ते करायची वेळ आली आणि मी जमिनीवर दोन तुकड्यांत पडलेला.

ज्ञानेश सरांचा चेहरा उतरला. ते करिष्माजवळ वाकून म्हणाले, “आजच्या दिवस... मुलं आहेत. अलगद उचलतील. चर्चा महत्त्वाची आहे.”

“चर्चा महत्त्वाची आहे म्हणूनच, सर,” करिष्मा म्हणाली. “मला उचललं की तेवढंच लक्षात राहतं.”

मंचावरून अधिकारी म्हणाले, “मॅडम, तुम्ही खालूनच बोला ना. माइक देतो आम्ही.”

“तुम्ही वरून सांगायचं आणि आम्ही खालून ऐकायचं, असं रोजच चालतं साहेब. आज तरी समोरासमोर बोलू.”

तेवढ्यात दापोडीच्या बायकांमधून सुमनताई उठल्या. गावठाणातल्या जुन्या घराण्यातल्या, वय झालेलं, दोन्ही गुडघे गेलेले. काठी टेकत पहिल्या पायरीपाशी आल्या आणि वर बघून अगदी साधेपणाने म्हणाल्या, “साहेब, ही पोर काय वर येऊ शकत न्हाई, अन् माजे बी गुडघे गेलेत. तुमचे तर धड हायेत नव्हं? मग तुमीच उतरा की.”

लोक हसले. अधिकारी हसले नाहीत. मला वाटलं, रागावून निघून जाणार. पण त्यांनी आपला कागदांचा गठ्ठा उचलला आणि ते एक-एक पायरी उतरून खाली आले. ते उतरल्यावर तज्ज्ञ उतरले. माजी नगरसेवकांना वर एकटं बसवेना, तेही आले. खुर्च्या ओढून गोल केला. मंच रिकामा राहिला.

मी जमिनीवरच पडलेलो होतो, त्या गोलाच्या मधोमध. कुणी मला हलवलंही नाही. आधी थोडं वाईट वाटलं. माझ्यावाचून काम होऊ शकतं हे कुणाला आवडतं? पण मग बोलणं सुरू झालं, आणि मी ते विसरलो.

अधिकारी काही दुष्ट नव्हते. ते तळमळीने बोलत होते. “त्या जागी माणसं मरतात,” ते म्हणाले. “खालून जायला वाव ठेवला तर लोक पळत रस्ता ओलांडणारच. जाळी लावली तर जीव वाचतील. तुम्हीच सांगा, मी काय करू?”

करिष्माने खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

“मी तिथंच पडले होते,” ती म्हणाली. “त्यामुळं जीव वाचावेत असं मला तुमच्याइतकंच वाटतं. जाळी लावलीत तर अपघात थांबतील, हे खरं. पण ते थांबतील कारण माणसं घरातून निघायचीच थांबतील. मी थांबेन. सुमनताई थांबतील. कडेवर पोर असलेली बाई थांबेल. तुमच्या आकड्यात ते दिसणार नाही. तिथं फक्त एवढंच दिसेल की अपघात झाला नाही.”

“व्हय,” सुमनताई म्हणाल्या. “पलीकडं माज्या भनीचं घर हाय. माज्या दारातनं दिसतंय. तुमी जाळी लावली, की आमी एकमेकीला नुसतं हात करायचं.”

अधिकाऱ्यांनी कागद मांडीवर पालथे ठेवले. “मग काय हवंय तुम्हाला?”

“सिग्नल. सपाट रस्त्यावर. म्हातारं माणूस पलीकडं पोचेल इतका वेळ,” करिष्मा म्हणाली. “आजवर रस्त्यासाठी माणसांना थांबवलंत. आता माणसांसाठी थोडा वेळ रस्ता थांबवा.”

त्यानंतर पुष्कळ वादावादी झाली. वाहनांची कोंडी होईल, मंजुरी बदलावी लागेल, निविदा निघाली आहे, सगळं निघालं. आवाज चढले, उतरले. पण कुणी ‘नोंद घेतली आहे’ म्हणालं नाही. समोरचा माणूस हातभर अंतरावर बसलेला असला की ते म्हणणं अवघड जातं. शेवटी ठरलं ते इतकंच, की जाळीचं काम थांबवायचं आणि सगळ्यांनी मिळून जागेवर जाऊन पाहायचं.

ते गेले. मी गेलो नव्हतो, पण हकीकत माझ्यापर्यंत पोचली. अधिकारी सुमनताईंबरोबर रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि पलीकडे जायला वाट बघत राहिले. बराच वेळ कुणालाच जाता आलं नाही. त्यानंतर महिने गेले, बैठका झाल्या, करिष्माने खेटे घातले, लोक कंटाळले, ती कंटाळली नाही. आता तिथे सिग्नल आहे. पुलाचं काय करायचं ते अजून ठरायचं आहे, आणि सिग्नल हिरवा झाला तरी काही दुचाकीवाले घुसतातच. पण सुमनताई बहिणीकडे जातात. जाताना एक हात वर करून सगळ्या वाहनांना दम देत जातात.

विद्यापीठात काय झालं, तेही सांगायला हवं. ज्ञानेश सरांनी त्या चर्चेनंतर भाषण केलं नाही, माफीपत्रही लिहिलं नाही. सुट्टी लागल्यावर गवंडी बोलावले आणि मंचाची एक बाजू फोडून तिथे पक्का उतार बांधून घेतला, कठड्यासकट. सिमेंट ओलं असताना ते स्वतः तिथे उभे राहून कुणाला पाय ठेवू देत नव्हते.

मग माझं काय? माझं नाव भंगाराच्या सामानात गेलं. खंडूमामांना मात्र राहवलं नाही. त्यांनी बुद्धरत्नना फोन केला. “भाऊ, तुमचं पोरगं इथं पडलंय. घेऊन जा.” त्यांनी मला खरंच पोरगं म्हटलं. बुद्धरत्न शिफ्ट संपवून आले, मला भोसरीला नेलं, गंज घासला, नवी पिन घातली आणि ती हरवू नये म्हणून साखळीने माझ्याच अंगाला बांधली.

आता मी दापोडीच्या गल्लीत, त्यांच्या घराच्या भिंतीला टेकून उभा असतो. पण फार दिवस उभं राहायला मिळत नाही. करिष्माकडे फोन येतात. कुठे विहारात व्याख्यान असतं, कुठे शाळेत मतदान, कधी सांगवीला एखाद्या कार्यालयात लग्न. ती मला पाठवते आणि पाठवताना यजमानांना सांगते, “हा उसना आहे. परत पाठवा, आणि पुढच्या वेळेपर्यंत तुमचा बांधा.” काहींनी बांधला. बऱ्याच जणांनी अजून नाही. ती पुन्हा फोन करते.

आज मला चाकणला जायचं आहे. विद्यापीठाने आता कार्यक्रम बाहेर न्यायला सुरुवात केली आहे. तिथल्या एका हॉलमध्ये कारखान्यांत जायबंदी झालेल्या कामगारांची सभा आहे. त्यांतले एक भिवा. प्रेस मशीनखाली त्यांचा पाय गेला. कोकणातून आलेला माणूस, बोलायला लाजणारा. काल त्यांनी करिष्माला फोन केला होता. फोन स्पीकरवर होता आणि मी खिडकीखालीच उभा होतो.

“ताई, उगीच टेम्पोचा त्रास कशाला?” ते म्हणाले. “मी खालच्या खुर्चीतूनच दोन शब्द बोलतो. मला चालतं.”

“तुम्हाला चालतं, भिवाभाऊ,” करिष्मा म्हणाली. “मला चालत नाही.”

पलीकडे भिवा हसले. खूप दिवसांनी हसणारा माणूस हसतो तसे, आधी अडखळत आणि मग मोकळे. करिष्माही हसली.

“मग येतो वर,” ते म्हणाले.

टेम्पो गल्लीच्या तोंडाशी आला आहे. तुमच्याकडे सभागृह असेल, शाळा असेल, दवाखाना असेल, तर जाता जाता एक मागणं. दाराशी जाऊन एकदा पायऱ्या मोजा आणि त्यांच्यामुळे कोण येत नाही याचा विचार करा. मला बोलावलंत तर मी येईन, कितीही लांब असलं तरी. पण जमलं तर बोलावू नका. तुमचा बांधून घ्या. ज्या दिवशी मला कुठूनच बोलावणं येणार नाही, त्या दिवशी मी खुशाल भंगारात जाईन.

तो दिवस आज नाही. आज भिवांना वर जाऊन बोलायचं आहे. चला, धरा मला दोन्हीकडून. सांभाळून, जड आहे मी.